पिसू निर्मूलन, घर व अंगणातील

पिसू निर्मूलन, घर व अंगणातील : घर, गोठा, अंगण आणि परसू यांत वाढणाऱ्या पिसवांचा नाश करण्याच्या व त्यांची पुन्हा वाढ होऊ न देण्याच्या रीती. पिसू हा रक्तावर जगणारा, पंखहीन कीटक आहे. त्याचा उपद्रव केवळ चाव्यापुरता असता, तर त्याच्या निर्मूलनाचा इतिहास घरगुती स्वच्छतेच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण ठरला असता. परंतु १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथींत उंदरांवरील पिसू हीच रोगाची मुख्य वाहक असल्याचे सिद्ध झाले आणि घराची जमीन, वळचण व गोठ्याचा कोपरा हे सार्वजनिक आरोग्याचे विषय बनले. या ज्ञानाचा मोठा भाग महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत परळ येथे, सिद्ध झाला. त्याची किंमत मात्र मुंबईबरोबरच पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड इ. जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांनी मोजली. पिसवांचे खरे घर जनावराच्या अंगावर नसून जमिनीवरच्या धुळीत असते, हे या इतिहासाचे सार आहे. ते ध्यानात न घेता योजलेले उपाय वेळोवेळी निष्फळ, व काही प्रसंगी घातकही, ठरले.

पिसवांचे प्रकार व जीवनक्रम : प्रौढ पिसू सु. १.५ ते ४ मिमी. लांब, तपकिरी रंगाची व दोन्ही बाजूंनी चपटी असते. या चपटेपणामुळे ती केसांतून सहज सरकते. तिच्या मागील पायांत उडी मारण्याची विलक्षण शक्ती असते. महाराष्ट्रातील घरांत व अंगणांत मुख्यतः मांजर व कुत्रा यांच्यावरील टेनोसेफॅलिडीस वंशाच्या पिसवा आढळतात. माणसावरील प्यूलेक्स इरिटन्स, कोंबड्यांच्या डोक्याला घट्ट चिकटून राहणारी एकिड्नोफॅगा गॅलिनेसिया आणि उंदरांवरील झेनॉप्सिला वंशातील जाती या इतर महत्त्वाच्या पिसवा होत. झेनॉप्सिला किओपिस ही जाती प्लेगची सर्वांत प्रभावी वाहक आहे. एन्. सी. रॉथ्‌सचाइल्ड यांनी तिचे वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्याशी अगदी जवळचे साम्य असलेली झेनॉप्सिला ॲस्टिया ही जाती प्लेगच्या प्रसारात तुलनेने दुर्बल असते. भारतातील काही भागांत साथ भडकली व काही भागांत ती फारशी पसरली नाही, यामागील कारणांपैकी एक कारण या दोन जातींच्या भिन्न वितरणात असल्याचे पुढे दिसून आले.

मादी जनावराच्या अंगावर अंडी घालते. ती पांढरी, गुळगुळीत व सु. अर्धा मिमी. लांब असून चिकट नसल्याने अंगावरून घरंगळून जमिनीवर पडतात. म्हणून जनावर जेथे बसते व झोपते, तेथे ती सर्वांत जास्त साठतात. काही दिवसांत त्यांतून बारीक, पाय नसलेल्या अळ्या बाहेर पडतात. त्या रक्त पीत नाहीत. धुळीतील सेंद्रिय कण आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतून पडलेले वाळलेले रक्त यांवर त्या वाढतात. प्रकाश टाळून त्या भेगांत, मातीत व केरात शिरतात आणि पुढे धूळ व मातीचे कण चिकटलेला रेशमी कोश विणून त्यात कोशावस्थेत राहतात. अनुकूल हवेत अंड्यापासून प्रौढ पिसू तयार होण्यास तीनचार आठवडे पुरतात. तथापि कोशातील तयार पिसू बाहेर न येता कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, थांबून राहू शकते. पावलांचा दाब व कंप, शरीराची ऊब आणि उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड यांची चाहूल लागताच ती बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेले घर उघडताच पायांवर पिसवा तुटून पडतात, त्याचे कारण हेच होय. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रौढ पिसवा या एकूण पैदाशीचा केवळ अल्प भाग असतात. उरलेला भाग अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपाने जमिनीत दडलेला असतो.

पाटण परिसरातील घर व अंगण : सातारा जिल्ह्यातील पाटण हे गाव कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर, कराड–चिपळूण मार्गावर वसलेले आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांत असून तेथे पाऊस विपुल पडतो. भात व नाचणी ही या भागाची जुनी पिके होत. दगडमातीच्या किंवा कुडाच्या भिंती, कौलारू अथवा गवताचे छप्पर, पुढे ओटा वा पडवी, एका अंगाला किंवा त्याच छपराखाली गोठा आणि मागे परसू, अशी या भागातील जुन्या शेतकरी घराची सर्वसाधारण ठेवण असे. धान्य कणगीत वा बळदात साठवले जाई व गवताच्या आणि पेंढ्याच्या गंजी घराजवळच रचल्या जात. पावसाळ्यात जनावरे दीर्घकाळ बांधून राहत.

पिसवांच्या दृष्टीने अशा घराचे दोन भाग पडतात. उघडे अंगण पावसात धुऊन निघते आणि उन्हाळ्यात तापते. दोन्ही अवस्था अळ्यांना मारक असतात. याउलट वळचणीखालची कोरडी माती, ओट्याच्या भेगा, गोठ्यातील गव्हाणीमागचा कोपरा, गवताच्या गंजीचा तळ आणि कुत्र्याची नेहमीची बसण्याची जागा यांना पाऊसही लागत नाही व ऊनही लागत नाही. हवा दमट व उबदार, पण माती मात्र कोरडी, अशी पिसवांच्या वाढीस हवी असलेली स्थिती तेथे मिळते. धान्याच्या साठ्यामुळे उंदीर व घुशी घरातच बिळे करतात. त्यामुळे कुत्र्यामांजरांच्या पिसवांबरोबर उंदरांवरील पिसवाही माणसाच्या वस्तीत येतात.

पारंपरिक उपाय : पिसवांचा जीवनक्रम ठाऊक होण्यापूर्वीपासून प्रचलित असलेल्या अनेक घरगुती रीती त्या जीवनक्रमाच्या नेमक्या जागी आघात करणाऱ्या होत्या. रोजची झाडलोट व केर जाळणे यांमुळे अंडी, अळ्या आणि त्यांचे खाद्य एकदमच नाहीसे होई. शेणमातीने जमीन सारवल्याने भेगा बुजत. मात्र सारवण वेळेवर न झाल्यास पापुद्रे सुटून त्यांखाली धूळ साठे व उद्देश फसत असे. वाकळा, घोंगड्या व धान्य कडक उन्हात टाकण्याची पद्धत विशेष उपयुक्त होती. उन्हाच्या उष्णतेने पिसवा मरतात, हे जे. कनिंगहॅम यांनी भारतात केलेल्या व १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीही दाखवून दिले. कडुनिंबाचा पाला, निर्गुडी किंवा वेखंड यांच्या धुरीने वा वापराने पिसवा काही काळ दूर राहत असल्या, तरी कोशांवर त्यांचा परिणाम फारसा होत नाही. रात्री पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात मधोमध दिवा ठेवण्याची युक्तीही प्रौढ पिसवा पकडण्यापुरती उपयोगी आहे. उजेडाकडे व उबेकडे झेपावलेल्या पिसवा पाण्यात पडतात. पाण्यात थोडा साबण मिसळल्यास त्या पृष्ठभागावर न तरंगता बुडतात.

प्लेगची साथ व चुकलेले लक्ष्य : प्लेगचा सूक्ष्मजंतू आलेक्सांद्र येर्सँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. थोड्याच काळात लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गावी परतू लागले. सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांतील कष्टकऱ्यांचा मुंबईशी रोजगाराचा निकट संबंध असल्याने साथीची झळ या भागांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात पाटण, कराड, वाई इ. तालुक्यांबरोबर आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव व खानापूर हे तालुकेही समाविष्ट होते. १८९१ मध्ये सु. सव्वाबारा लाख असलेली या जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत सु. साडेअकरा लाखांवर आली. या घटीचे एक प्रमुख कारण प्लेग हे होते.

शासनाने १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत करून कडक उपाय योजले. रोग माणसाच्या संपर्काने, कपड्यांनी व घाणीने पसरतो, असा त्या वेळचा प्रबळ समज होता. त्यामुळे घरांची झडती घेणे, रोग्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना वेगळे काढणे, भिंतींवर कार्बॉलिक अम्ल व रसकापूर यांची द्रावणे फवारणे, चुना देणे, छपराची कौले काढून घरात ऊन येऊ देणे आणि सामान जाळणे असे मार्ग अवलंबिण्यात आले. पुण्यात या सक्तीविरुद्ध उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी केलेल्या हल्ल्यात झाली. शास्त्रीय दृष्ट्या पाहता या उपायांतील मुख्य दोष असा, की जंतुनाशकाचा मारा भिंतींवरील जंतूंवर होत होता आणि रोगाची वाहक पिसू जमिनीच्या धुळीत व उंदरांच्या बिळांत अबाधित राहत होती. शिवाय माणसे वेगळी काढली, तरी पिसवा असलेली वाकळ किंवा धान्याचे पोते दुसऱ्या गावी जाऊ शकत होते.

ग्रामीण लोकांनी मात्र अनुभवाने एक खूण ओळखली होती. घरात उंदीर मरून पडू लागले, की लवकरच माणसे दगावतात. ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग त्यामुळे साथीच्या आगमनाचा वाचक बनला. उंदीर पडताच गाव सोडून रानात खोपी घालून राहण्याचा रिवाज दख्खनच्या अनेक भागांत रूढ झाला. पाटणसारख्या अतिपावसाच्या मुलखात खोपीतील वास्तव्य अतिशय कष्टाचे असले, तरी त्यामागील तत्त्व अचूक होते. मेलेल्या उंदराचे शरीर थंड होताच त्याच्यावरील पिसवा नवे रक्त शोधू लागतात. त्या वेळी माणूस घरात नसेल, तर रोगाची साखळी तुटते. शासनानेही पुढे सक्तीची झडती व विलगीकरण यांवरील भर कमी करून स्थलांतर आणि व्हाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्रतिबंधक लस यांना प्राधान्य दिले.

पिसूच्या भूमिकेचा शोध : पिसू ही प्लेगची वाहक असल्याचा तर्क मासानोरी ओगाता यांनी १८९७ मध्ये तैवानमधील निरीक्षणांवरून मांडला. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी मुंबईत काम केल्यानंतर १८९८ मध्ये कराची येथे एका आजारी उंदरापासून निरोगी उंदराला, दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ न देता, पिसवांद्वारे रोग झाल्याचे प्रयोगाने दाखविले. १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने हे मत ग्राह्य मानले नाही व काही वर्षे वाया गेली.

परळ येथील प्रयोगशाळेतील विल्यम ग्लेन लिस्टन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९०३ मध्ये मुंबईतील एका वस्तीत उंदीर मेल्यानंतर रहिवाशांना पिसवांचा असह्य उपद्रव होऊ लागला व त्यांच्यात प्लेग उद्‌भवला. तेथे माणसांच्या अंगावर पकडलेल्या पिसवांपैकी जवळजवळ निम्म्या उंदरांवरील जातीच्या असल्याचे लिस्टन यांना आढळले. एरवी या जातीच्या पिसवा माणसाच्या अंगावर क्वचितच सापडत. १९०५ पासून नव्या प्लेग संशोधन आयोगाने परळ येथे पद्धतशीर प्रयोग केले. प्लेगग्रस्त पिसवा असलेल्या लहान खोल्यांत जमिनीवर ठेवलेले गिनीपिग रोगाने मेले, परंतु जमिनीपासून सु. ६० सेंमी. उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग वाचले. भोवती चिकट कागदाचा पुरेसा रुंद पट्टा ठेवलेले प्राणीही सुरक्षित राहिले. रोग हवेतून येत नसून जमिनीवरून, पिसवेच्या उडीच्या टप्प्यात येतो, हे त्यावरून निर्विवाद ठरले. पिसवेच्या अन्नमार्गात प्लेगच्या जंतूंचा बोळा बसून तिने शोषलेले रक्त जंतूंसह पुन्हा जखमेत परतते, ही यंत्रणा ए. डब्ल्यू. बेकट व सी. जे. मार्टिन यांनी १९१४ मध्ये स्पष्ट केली. परळची ही प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

या शोधातून निर्मूलनाचा एक महत्त्वाचा नियम निष्पन्न झाला : साथीच्या काळात आधी पिसवा माराव्यात व मगच उंदीर. केवळ उंदीर मारल्यास त्यांच्यावरील भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात. या नियमाला अनुसरून जमिनीवर व बिळांत खनिज तेलाची मिश्रणे टाकण्याचे प्रयोग झाले. नंतरच्या काळात कॅल्शियम सायनाइडाचा विषारी धूर बिळांत सोडून उंदीर व पिसवा एकाच वेळी मारण्यात येऊ लागल्या. मात्र हा वायू माणसालाही प्राणघातक असल्याने त्याचा वापर प्रशिक्षित सेवकांपुरताच मर्यादित राहिला.

कृत्रिम कीटकनाशकांचा काळ : पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. त्याबद्दल त्यांना १९४८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई प्रांतात हिवतापाविरुद्ध घरोघर डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि १९५३ पासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाने तिला देशव्यापी रूप दिले. डासांसाठी भिंतींवर मारलेल्या या औषधाचा अवशेष जमिनीवर व भिंतींच्या तळाशीही राहत असल्याने पिसवांची संख्याही घटली. भारतातील प्लेगची ओहोटी त्यापूर्वीच सुरू झाली होती. या फवारणीने तिला गती मिळाली आणि १९६६ नंतर अनेक वर्षे देशात माणसांतील प्लेगची नोंद झाली नाही. तथापि झेनॉप्सिला किओपिस जातीत डीडीटीला प्रतिकार निर्माण झाल्याचे महाराष्ट्रातूनच १९६० मध्ये नोंदले गेले. एकाच विषावर विसंबून राहिल्यास पिसवांचा प्रश्न कायमचा सुटत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

या विजयाचा विसर पडल्याचे परिणाम १९९४ मध्ये दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातही अनेक कुटुंबे घराबाहेर राहू लागली होती व घरांत धान्य साठून होते. त्यामुळे उंदरांची वाढ झाली असावी, असे मानले जाते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामला या गावात प्रथम उंदीर मरू लागले, नंतर पिसवांचा उपद्रव जाणवू लागला व त्यापाठोपाठ ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्‌भवली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी खेड्यांनी ओळखलेला क्रम, म्हणजे उंदीर, पिसू आणि मग माणूस, तसाच्या तसा पुन्हा प्रत्ययास आला.

आधुनिक पद्धती : आज प्लेग प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो व पाटण परिसरातील पिसवांचा सामान्य उपद्रव हा कुत्रा, मांजर व गुरे यांच्या सान्निध्याशी निगडित आहे. मुंबई व पुण्यास नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांची गावाकडील घरे बराच काळ बंद असतात. यात्रा, गणपती किंवा दिवाळीसाठी ती उघडली, की कोशातील पिसवा एकदम बाहेर पडतात. पिसवांमुळे त्वचेवर खाज व पुरळ उठतात. डिपिलिडियम या पट्टकृमीचा प्रसार पिसवांमुळे कुत्र्यांत व क्वचित लहान मुलांत होतो. उंदरांवरील पिसवांमुळे मूषक प्रलापक ज्वरही संभवतो. म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही.

निर्मूलनाची कृती तीन ठिकाणी एकाच वेळी करावी लागते. पहिले ठिकाण जमीन : घर उघडताच प्रथम रिकाम्या खोल्यांतून थोडी वर्दळ करून पिसवा कोशाबाहेर येऊ द्याव्यात. मग कोपरे, भेगा, ओट्याखालची व वळचणीची माती खरवडून झाडावी आणि केर लगेच जाळावा. फरशी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी व भेगा बुजवाव्यात. दुसरे ठिकाण जनावर : कुत्र्यामांजरांवर पशुवैद्याने सांगितलेले औषध वापरावे आणि त्यांचे अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. कुत्र्यासाठी असलेली काही औषधे मांजराला विषारी ठरतात, हे विसरू नये. तिसरे ठिकाण आश्रय : गवताच्या गंजी व उकिरडा घरापासून दूर न्यावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे आणि बिळे बुजवावीत. उपद्रव फार असल्यास मॅलॅथिऑनसारखे मान्य कीटकनाशक जमिनीवर, भिंतींच्या खालच्या भागावर व बिळांच्या तोंडाशी जाणकाराच्या देखरेखीखाली वापरतात. कोशांवर कीटकनाशकाचा परिणाम अल्प होत असल्याने दोनतीन आठवड्यांनी ही कृती पुन्हा करणे आवश्यक असते. पहिल्या खेपेनंतर दिसणाऱ्या पिसवा बहुधा औषध निष्फळ ठरल्याची खूण नसून कोशांतून नव्याने बाहेर पडलेल्या असतात.

घरात वा अंगणात कारण नसता अनेक उंदीर मेलेले दिसल्यास मात्र हा प्रश्न घरगुती राहत नाही. मेलेल्या उंदरांना हात न लावता त्या जागेपासून दूर व्हावे व नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. परीक्षणासाठी उंदीर व पिसवा गोळा करणे, पिसवांचा नाश करणे आणि त्यानंतर उंदरांचा बंदोबस्त करणे, हा क्रम आरोग्य यंत्रणेने पाळावयाचा असतो. ‘उंदीर पडले’ हे गेल्या पिढ्यांचे दोन शब्द आजही सर्वांत लवकर मिळणारी सूचना आहेत.